फ्लॉपी ड्राइव्हवरचा पाळणा

लातूर, १८ जून २००६

चि. सौ. अंबिकास,

अण्णाचे आशीर्वाद. गुडघे सोडून मी बरा आहे. गुरुलिंग पाहुण्यांना नमस्कार. देविकाला पापा, दहा वर्षांची पोरगी घेऊ देत असेल तर.

इकडं आता माणसांपेक्षा क्लासेस जास्त. मी आमच्या क्लासात प्रश्नपत्रिका टाइप करतो, म्हणजे पोरांच्या छातीतली धडधड मराठी-इंग्रजीत छापून देतो.

गेल्या महिन्यात नवे संगणक आले, जुने कोपऱ्यात पडले. त्यांच्या फ्लॉपी ड्राइव्हमधली मोटर घरघरते ना, तिचा वेग बदलला की सूर बदलतो. मी चार ड्राइव्ह फळीवर ठोकले, एक माझ्या घरचा, तीन क्लासचे. प्रोग्राम लिहिला आणि आईचा पाळणा वाजवला. लोखंडाला पडसं झाल्यासारखा आवाज, पण चाल तीच.

काल दुपारी अभ्यासिकेशेजारच्या खोलीत वाजवत होतो. डोकावलो तर साठ पोरं फिजिक्सवर गाल टेकून गाढ झोपलेली. पंख्याखाली पानं आपोआप उलटत होती. एका मुलीनं झोपेतच कुणाचा तरी पदर धरायला हात पुढं केला.

संचालक बसवंत सर धावत आले. "अण्णा, काय करायलात? उद्या टेस्ट हाय!"

"सर, रिव्हिजन चालूय."

"कशाची?"

मी ड्राइव्हचा प्लग काढला.

देविकाच्या बारशाला बायकांनी तुला हाच पाळणा म्हणायचा आग्रह केला होता. तू म्हणालीस, "हट्टी बाईचं गाणं मी न्हाई म्हणणार. अण्णा लातूरला बोलावत होता, तिनं किल्लारी सोडली न्हाई." मी समोर बसून घुगऱ्या खात होतो.

अंबिका, मी बोलावलं नव्हतं. त्र्याण्णवच्या पोळ्याला आईच म्हणाली, "येऊ का रं तुझ्याकडं? एकटीला करमंना." माझी खोली एक, त्यात नवाकोरा संगणक. मी म्हणालो, "दिवाळीनंतर ये. त्याला माणसांची वर्दळ चालत न्हाई, धूळ बसते." ती म्हणाली, "बरं. जप त्याला."

दिवाळीआधीच भूकंप झाला आणि किल्लारीसोबत आई गेली.

फळीवरचा घरचा ड्राइव्ह त्याच संगणकाचा. वरचा सूर तोच धरतो.

तेरा वर्षं तू तिच्यावर रागावलीस आणि मी गप्प राहून तुझा लाडका राहिलो. आई हट्टी नव्हती गं. तो राग आता माझ्याकडं दे, माझाच आहे. आणि देविकाला तो पाळणा एकदा तुझ्या गळ्यातून ऐकू दे. मोटरीला शब्द येत नाहीत.

तुझा, हे वाचूनही म्हणावंसं वाटलं तर, अण्णा
राजशेखर