घर सम्यकला, पण आधी मार्थाची वाट

मी, गयाबाई यादवराव वाहुळे, वय एकोणऐंशी, शिक्षण दुसरी, राहणार कॉव्हेंट्री, इंग्लंड, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सॉलिसिटर म्हणाला कायद्याला गुडघे लागत नाहीत. कुणी दम दिलेला नाही. मला दम देणारा माणूस बारा वर्षांपूर्वीच वारला. याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द.

१. विळी, मोठा कुकर आणि बँकेत असेल ते नात धम्मशीलाला. विळी भिंतीवर टांगायची नाही, वापरायची.

२. हे घर नातू सम्यकला, एका अटीवर. अटीआधी थोडं ऐकावं लागेल.

सम्यक तेल कंपनीत जमिनीचे नकाशे करतो. कॅनडाच्या पार उत्तरेला त्याची बदली झाली, तेव्हा त्याला जेवायला घालायला मी हिवाळाभर तिथे होते. शेजारी मार्था, तिथल्या मूळच्या लोकांतली, माझ्याच वयाची. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. तरी बर्फावरच्या गाडीवर बसवून मला जंगलात न्यायची. सशांचे फासे, मासे धरायचं तळं, तिच्या आजीपासूनची वाट, सगळं दाखवलं. मध्येच कंपनीने तेल शोधायला झाडं तोडून सरळसोट पट्टे पाडलेले. मार्थाने हातवारे करून सांगितलं, या मोकळ्या पट्ट्यांवरून लांडगे पळतात, म्हणून हरणं लांब गेली. तिचे निम्मे फासे तर यंत्राखाली चिरडलेले.

घरी येऊन सम्यकला विचारलं, "तुझ्या नकाशात मार्थाची वाट कुठंय?"

"आजी, तिथे कुणीच नव्हतं. आम्ही जुलैमध्ये चेक केलं."

"अरे शहाण्या, बर्फ पडल्यावर जायची जागा ती. जुलैत त्या चिखलात काय तुझे फोटो काढायला थांबतील?"

"रिपोर्ट क्लोज झाला, आजी. आता बोललो तर जॉब जाईल. मॉर्गेज कोण भरणार?"

आमच्या गायरानाचं असंच झालं. माझा बाप तिथे ज्वारी पेरायचा. तलाठी आला चैत्रात, पीक निघाल्यावर. रान मोकळं दिसलं, 'पडीक' लिहून गेला. पुढे जमीनच गेली. तो तलाठी निदान माझ्या रक्ताचा नव्हता.

तर अट. तिथे तेलाच्या विहिरी खोदू द्यायच्या का, याची सुनावणी नोव्हेंबरअखेर आहे. त्याआधी पहिला बर्फ पडला की सम्यकने मार्थाच्या मागे ती वाट फिरावी, मार्था म्हणेल तशी नकाशात काढावी आणि आपल्या नावाने सुनावणीत द्यावी. नाही दिली तर घरही धम्मशीलाला. दिली आणि नोकरी गेली, तर मी जिवंत असले तरी मुकाट इथे येऊन राहावं. या घरावर मॉर्गेज नाही. भांडी मात्र घासावी लागतील.

याची प्रत सम्यकला आजच दिली आहे. माझा इतक्यात मरायचा विचार नाही, आणि सुनावणी थांबणार नाही.

ज्याला घर मिळणार त्याची साक्षीदार म्हणून सही इथे चालत नाही म्हणे. नकोच आहे. मला ती नकाशाखाली हवी.

ठिकाण: कॉव्हेंट्री
तारीख: १४ सप्टेंबर २०२५
सही: गयाबाई यादवराव वाहुळे (अंगठा नाही, सही)

आम्हा दोघांसमोर सही केली, आणि आम्हाला चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही:
१. डॉ. सुनीती देवधर, शेजारीण
२. मोहन परमार, समोरचे