शकूमावशीचा अंगठा

१८ ऑक्टोबर २००७, अकोला

टीव्हीच्या विनोदी स्पर्धेसाठी निवड झाली!! चारशेतून नऊ, त्यात बाई मी एकटी. तयार केलेलं सगळं साफ फसलं होतं— परीक्षक जांभया देत होते. मग घाबरून आईच उभी केली स्टेजवर. बडनेऱ्याच्या बाजारात भाजी विकणारी आमची शकुनबाई, तिचं ओरडणं, गिऱ्हाइकाला झापणं. नाव तेवढं बदललं— शकूमावशी. तरी हसू कमी पडलं, म्हणून वांगी तोलताना तागडीवर हळूच अंगठा ठेवला. हॉल कोसळला!

९ जून २००८, मुंबई

स्पर्धेत दुसरी आले होते, पण कार्यक्रम मलाच मिळाला. सूत्रसंचालन! पाहुणे येतात, शकूमावशी त्यांना तोलते. मी ‘अंगठा!’ म्हटलं की तीनशे माणसं अंगठे वर करतात.

२७ ऑक्टोबर, बडनेरा

दिवाळीला घरी. आईच्या दुकानावर बसले, तर सह्या मागायला गर्दी. आई खूश दिसली. तेवढ्यात रेल्वे क्वार्टरमधल्या एका बाईनं भेंडीची पिशवी उचलली आणि समोरच्या किराणावाल्याकडे नेऊन पुन्हा तोलली! भेंडी जास्तच भरली. आई नेहमी वरून चार घालते. ती बाई लाजून म्हणाली, ‘टीव्हीवर पायलं नं वो, म्हणून.’

आई खाली मान घालून मिरच्या निवडत राहिली. एरवी तिनं त्या बाईला सोललं असतं.

१२ जानेवारी २००९, मुंबई

कार्यक्रमाच्या निर्मात्यांना, सरांना म्हटलं, अंगठा बंद करू या, आईला त्रास होतोय. सर म्हणाले, ‘गीतांजली, अंगठा म्हणजेच तू.’ आता शकूमावशीची मालिका येतेय, मुख्य भूमिका माझी. पहिल्याच भागात ती नांदगावहून आलेल्या शेतकरणींना फसवते. मी म्हटलं, तिकडे माणसं मरतायत हो. तर म्हणे, ‘बातम्यांत विदर्भ रोज रडतोच. तू हसव.’

करार २०१० पर्यंत. सही माझीच, न वाचता ठोकलेली. मूर्ख!

१३ जानेवारी

हसवलं.

२० फेब्रुवारी

भावाचा, रोहितचा फोन. आईनं दुकान बंद केलं! आठ दिवस बाजारात गेली नाही. ‘काहून, ते सांगत नाही. तू इचारून पाय.’ मी फोन केला तर आई म्हणाली, ‘गुडघे दुखतात.’ तीस वर्षं उकिडवी बसली तेव्हा नाही दुखले.

माझ्या थापेनं तिचं नाव गेलं. लाज वाटते, आणि तरी उद्या सातची शिफ्ट आहे. नाकात नथ घालायची आणि अंगठा ठेवायचा.

२१ फेब्रुवारी

सात टेक. अंगठा नीट दिसत नव्हता म्हणे.

८ मार्च

आज थेट प्रक्षेपण होतं, महिला दिनाचं. कापायला कोणी नाही. मी नथ काढली आणि आमच्या साध्या बोलीत बोलून टाकलं— ‘शकूमावशी माह्या मायवरून घेतली. पण माह्या मायनं जन्मात काटा मारला नाही. अंगठा माहा. लबाड मी आहो, माय नाही.’ करार गेला तर गेला! किती महिन्यांनी मोकळं वाटलं.

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या. बायका डोळे पुसत होत्या. सर धावत आले, मला वाटलं आता हाकलतात. ‘कमाल केलीस! पुढच्या भागात आईलाच आणू. तागडीसकट!’

९ मार्च

सकाळी आईचा फोन. रडत होती.

‘काहून बोलली वं तसं? पार्बताबाई माह्या बाजूलेच बसून पाहून राह्यली होती.’

पार्बताबाई आईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मी म्हटलं, मग चांगलंच झालं की!

‘तिले तवापासून माहीत आहे, गीता. दुष्काळाची दोन वर्षं ठेवत होती मी अंगठा. तू तं माह्या मांडीवरच बसेल राहे.’