अकेलोच्या मुलीचे नाव

बालकेंद्र, सरोवरकाठ
१४ मे

प्रिय ओगोलादादा,

नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? माझी प्रकृती उत्तम आहे. तीन वर्षांनी लिहिलेल्या पत्राचा प्रारंभ प्रकृतीने करावा, हा संकेत मला कधीच आवडला नाही. पण दुसरा सुचत नाही.

इकडचे वर्तमान असे. परदेशातील विद्यापीठाशी आमच्या विद्यापीठाचा करार आणखी पाच वर्षांनी वाढला. केंद्रात आता त्रेसष्ट अनाथ मुले जेवतात, शिकतात. यंदा आलेले चार परदेशी विद्यार्थी उत्साही आहेत आणि बेशिस्तही. धुतलेली ताटे उन्हात पालथी घालावीत, हे त्यांना रोज सांगावे लागते.

आपल्याकडे वाढलेली अकेलो बाळंतपणात गेली, हे तुझ्या कानावर आले असेल. मुलगी वाचली. सात आठवड्यांची झाली, पण तिचे रडणे थांबत नाही. डॉक्टरांना काही दोष सापडला नाही. नोंदवहीत मी तिचे नाव 'ग्रेस' असे सुवाच्य लिहिले होते. अकेलोची आजी पिलिस्ता ते पाहून हसली.

"मास्तरीणबाई, नाव वहीतनं येतंय होय? गेलेलं माणूस कुणाच्या तरी स्वप्नात येतं, म्हणतं, या लेकरात मी येतोय. तोवर पोर रडणारच. शिकलात म्हणून विसरलात वाटतं!"

"मला स्वप्ने पडत नाहीत," मी म्हणाले.

"पडतील की. पोर दिवसभर तुमच्याच मांडीवर असतं."

मंगळवारी दुपारी बाळाला घेऊन ओसरीवर बसले असता माझा डोळा लागला. सरोवर अंगणापर्यंत आले होते आणि पाण्याला आवाज नव्हता. जलपर्णीची जांभळी फुले उंबऱ्याशी डोलत होती. त्यांतून अडोयोवहिनी चालत आली. पाऊलही भिजले नव्हते. "अपोंडी, सरक जरा," ती म्हणाली, "मला बसायला जागा दे." मी सरकले. ती माझ्या मांडीवर बसली, पिसासारखी हलकी. जाग आली तेव्हा तिथे बाळ होते.

मी त्याच्या कानात "अडोयो" म्हटले. रडणे थांबले.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तरीही ते नाव मी दुसऱ्यांदा उच्चारलेले नाही. कारण सांगते.

वहिनीने केंद्राचे काम आपणहून सोडले, असे मी तुला तेव्हा कळवले होते. ते वाक्य अचूक नव्हते. करार होण्यापूर्वी सहा वर्षे तिने तुमच्या अंगणात अकेलोसह चाळीस पोरांना जेवू घातले. केंद्र झाल्यावरही ती प्रत्येक ताटातला पहिला घास स्वतः चाखून मग ताट मुलापुढे ठेवी. एके दिवशी परदेशी पाहुणे प्राध्यापक हे बघत होते. मी सर्व मुलांदेखत म्हणाले, "वहिनी, ही उष्टी ताटे इथे चालणार नाहीत. उद्यापासून येऊ नका."

तीही हसलीच. "बरं हो, मास्तरीणबाई. पण ही पोरं आपल्या घरातली माणसं एकेक करून जाताना बघून आलीत. आता अन्नाचीही भीती वाटते त्यांना; आधी कुणी खाल्ल्याशिवाय खात नाहीत. तेवढं बघ."

नऊ दिवस ताटे जवळजवळ भरलेलीच परत आली. दहाव्या दिवसापासून पहिला घास मी चाखते आहे. तिला मात्र परत बोलावले नाही.

केंद्राच्या अहवालात मी तिला 'एक अप्रशिक्षित स्थानिक महिला' म्हटले. एकवीस पानांत तिचे नाव नाही. तो अहवाल वाचायला मी परदेशी गेले, त्याच आठवड्यात तुम्ही तिला मातीत ठेवलेत. तिकीट बदलता येत नव्हते, असे मी सर्वांना सांगितले. दादा, येत होते.

पिलिस्ता म्हणते, ज्या घरचे नाव, त्या घरानेच ते चारचौघांत द्यायचे. त्या घरची मीही आहे. पण तो हक्क मी माझ्यापाशी उरू दिलेला नाही. तो तुझा आहे. तू नको म्हणालास तर वहीतले नाव तसेच राहील, आणि मी हे बाळ त्याच्या रडण्यासकट सांभाळीन.

येणार असलास तर शनिवारी ये. त्या दिवशी सर्व मुले असतात. आधी मी त्यांना सांगेन की वहिनी केंद्र सोडून आपणहून गेली नव्हती, तिला मी हाकलले होते. ते ऐक. मग वाटले तर नाव दे. न वाटले तर माझ्याशी न बोलता परत जा.

बाळ पुन्हा रडू लागले आहे. मी त्याच्या कानाशी तोंड नेते, आणि गप्प राहते.

तुझ्या दाराबाहेर उभी असलेली,
अपोंडी