अर्धा मोर

५ जानेवारी, रविवार. सकाळी ६.
आजपासून ग्रंथ सुरू. नाव ठरलं: 'ताम्रमयूर'. रोज चार पानं, काही झालं तरी. माझ्या जुन्या तांब्याच्या नाण्यावर मोराचा पिसारा आहे. नुसता पिसारा. त्या काळी ठसा मोठा, चकती लहान. हातोडा बसला की अर्धं चित्र बाहेरच राहायचं. मान आणि चोच माझा शाळासोबती शालिकराम, त्याच्या नाण्यावर. भातकुलीच्या बाजारात दोघांनी एकदमच घेतलेली जोडी.

८ जानेवारी.
पान एक: ग्रंथाचं नाव. पुढे पेन बिघडलं.
शालिकरामच्या नाण्याचा फोटो हवा. पण अकरा वर्षं अबोला. तेव्हा दोन्ही नाणी जुळवून मी मोराची अख्खी कविता म्हटली, तर हा बार्शीटाकळीचा वांगीवाला चारचौघांत म्हणे, मोर कायचा बे, कोंबडी हाये! शाळेत याला कवितेची दुसरी ओळ कधी आठवायची नाही, मीच मागून पुरवायचो. फोन आधी त्यानेच करावा.

१२ जानेवारी, रविवार.
रागिणीचा बंगळुरूहून फोन. बाबा, एकटे कंटाळत नाही ना? म्हटलं, वेळ कुठे आहे! चार मिनिटं बोलली, घाईत होती. मोबाइल दिवसभर खिशात ठेवला. शालिकरामचा नाही.

१४ जानेवारी. संक्रांत.
तिळगूळ दोघांपुरता आणला. कोणी येऊ शकतं. संध्याकाळी दोघांचाही मीच खाल्ला.

१८ जानेवारी, शनिवार. रात्री.
एसटीने अकोला, पुढे बार्शीटाकळी. केवळ संशोधनासाठी. शालिकराम दारातच म्हणाला, काहून बे, रस्ता भुलला का? नाणं आणलं. चकचकीत. चोच नाही, मान नाही, काही नाही. त्याची बायको मनकर्णाबाई म्हणाल्या, हे दर दसऱ्याले चिंच लावून घासतेत. मास्तर येतीन त चमकलं पाह्यजे म्हणतेत. मास्तर म्हणजे मी. मी खवळलो. शालिकराम म्हणे, जाऊ दे ना बे, मोरच व्हता. हात धू, वांग्याची भाजी हाये, आज रायून जाय.
मान्य केलं त्याने! अकरा वर्षांनी जिंकलो. लगेच परतीची गाडी पकडली, ताजं असतानाच लिहायला हवं. घरी सकाळचा गार भात होता. लिहिणं उद्या.

१९ जानेवारी, रविवार.
उन्हात भिंग धरून माझं नाणं पाहिलं. पिसारा आखूड आहे. बराच आखूड. कोंबडीच.
शालिकरामला कळवावं का? नको. आज रविवार, त्यालाही सवड असेल, त्याचाच फोन येईल.