बांधलेला रिले

आण्णा, आळेफाट्याच्या आपल्या दुकानातला तुमचा टेस्टिंगचा बल्ब माझ्या टेबलावर आहे. जळालेली मोटार नव्या तारेनं भरून झाली की थेट लाइन द्यायची नाही, आधी बल्ब लावून बघायचा. पेटला तर तार कुठेतरी बॉडीला लागलीय. हे तुम्हीच शिकवलंत. म्हणूनच तुमच्यावरचा राग जात नाही.

मी नववीत होते. आळे गावचे एक बागायतदार त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा जळालेली मोटार घेऊन आले, सोबत स्टार्टरची पेटी. मी पेटी उघडून पाहिली. लोड वाढला की मोटार बंद करणारा रिले त्यांनी तारेनं बांधून टाकलेला. "भाऊ, असं केलं तर पुन्हा जळंल," मी म्हणाले. ते हसले. "काय राव, पोरगी ठिवलीय व्हय आमाला शिकवायला? लई ट्रिप व्हतो त्यो. पाणी कवा द्यायचं मग?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू चहा सांग जा." ते गेल्यावर मी चिडून विचारलं, तर म्हणालात, "मोटारी जळल्याच न्हाई, तर आपल्याकडं कोण येईल?" त्याच जळक्या मोटारींवर मी घरातली पहिली पदवीधर झाले.

आता मी कोड लिहिते. लहान दवाखान्यांसाठीचा एक प्रोग्राम आम्ही काही जण मिळून फुकट बनवतो. कोड सगळ्यांना खुला. तो चालवण्याआधीच वाचून चुका दाखवणारं एक टूल आहे, तुमच्या बल्बासारखं. ते उगाचही फार ओरडतं. पण माझ्या कोडवर ओरडलं ते एका जागी: मुलाचं वजन भरायचं राहिलं, तर आधीच्या पेशंटच्या वजनावरून औषधाचा डोस निघेल. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना विचारलं. "ताई, त्याचं काय ऐकताय? कोडमध्ये त्याला 'इथे दुर्लक्ष कर' सांगणारी ओळ टाका, गप्प बसेल. आजच तुमचं काम प्रोग्राममध्ये घेऊन टाकू." माझं पहिलंच काम होतं. मी ओळ टाकली. चहा सांगायला गेले तशीच, मुकाट्यानं.

वर्ष झालं. कुठल्या दवाखान्यात कुणाचं वजन भरायचं राहिलं, मला कधीच कळणार नाही. तुमच्याकडे निदान जळालेली मोटार परत तरी यायची.

आज ती ओळ काढायला बसले आणि तुम्हाला दोष देत हे लिहीत राहिले. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. त्या ओळीशेजारी कारण लिहावं लागतं. तिथे माझ्या नावानं लिहिलंय, 'तपासले आहे'. मी तपासलं नव्हतं, आण्णा. मला तेव्हाच माहीत होतं की टूल खरं बोलतंय.