सहीच्या जागी पेन्सिलीची फुली

अहो शायनाचे अब्बा,

दोघी पोरींना घेऊन दौंडला चाललेय, दहावीची जुनी पुस्तकं बघायला. चारच्या एसटीनं माघारी येऊ. डाळ शिजवून ठेवलीय, भाकरी दुरडीत हायत. बकरीला पाणी दाखवा.

टीव्हीवर शायनाचा फॉर्म हाय, दहावीला बाहेरून बसायचा. उद्या शेवटची तारीख. सातवीनंतर तुम्ही तिची शाळा बंद केली, तवा मी भांडले न्हाई. तीन वर्षं चुलीपुढं बसवून जमंल तसं शिकवलं. बीजगणित तर तिनंच मला शिकवलं.

बापाच्या सहीच्या जागी मी पेन्सिलीनं फुली केलीय. आजवर सगळीकडं अंगठा उठवलात, इथं नको. धाकटीकडनं बाराखडी घोकून घेते, तवा तुम्ही आमच्याकडं पाठ फिरवून बसता. पण परवा पंक्चरच्या दुकानात डबा द्यायला आले, तर जुन्या टायरवर खडूनं तुमचं नाव लिहिलेलं दिसलं. अक्षर वाकडं होतं, पण नाव पुरं होतं. मी कुणाला बोलले न्हाई.

पेन फॉर्मवरच ठेवलाय. आज वाचून दाखवायला घरात कुणी न्हाई, म्हणूनच ही चिठ्ठी लिहिली.

मेहरुन