चांगली म्हणजे कशी

शिरूर, बुधवार

ती. सोपानमामांना रोहिदासचा दंडवत.

इकडे मी ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? त्याच्यामुळे रविवारी तुम्ही आपल्या मुलासाठी, सत्यजीतसाठी, मुलगी पाहायला येऊ शकला नाहीत. मामी वरवंडला परतल्यावर काय बोलल्या असतील याची मला कल्पना आहे. (काहीच बोलल्या नसतील तर जास्त काळजी वाटते.) म्हणून घडलं ते क्रमाने लिहितो.

स्थळ मी सुचवलं, तेव्हा दोष माझा. गौतमी माझी विद्यार्थिनी. मी कॉलेजात पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवतो, तेही तासावर. वर्गात चौदा जण आहेत. शुक्रवारपर्यंत पंधरावं नाव आलं नाही तर विषय बंद होईल आणि मीही. दोन महिने आम्ही सॉक्रेटिसपाशीच आहोत. तो अथेन्सच्या बाजारात लोकांना थांबवून विचारायचा, चांगलं म्हणजे काय. उत्तर आलं की त्यावर पुन्हा विचारायचा, समोरचा 'मला माहीत नाही' म्हणेपर्यंत. शेवटी लोकांनी त्याला विष दिलं. (वर्गातल्या पप्पूने विचारलं, त्याचं लग्न झालं होतं का. झालं होतं.)

रविवारी सगळं रीतीप्रमाणे चाललं. नाव, शिक्षण, उंची. पोहे चांगले होते. शेवटी मामी म्हणाल्या, "तुला काय इचारायचं आसंल तर इचार, बाई." यावर मुलीने नुसती मान हलवायची असते. ते शिकवायचं माझ्याकडून राहिलं.

गौतमीने सत्यजीतला विचारलं, "तुमाला चांगली बायको पायजे. चांगली म्हंजी कशी?"

तो म्हणाला, शांत. ती म्हणाली, आमची म्हैस शांत हाय. तो म्हणाला, घर सांभाळणारी. ती म्हणाली, ते आमचं कुत्रं पण सांभाळतंय. तो म्हणाला, थोरांचं ऐकणारी. ती म्हणाली, आन् थोर चुकले तर? सत्यजीतने मामींकडे पाहिलं. मामींनी पंख्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मला न्हाई सांगता येत."

मामा, माझे चौदा जण दोन महिन्यांत या वाक्यापर्यंत आलेले नाहीत. तो पोह्यांच्या एका बशीत पोचला.

मुलीचे वडील शंकरराव माझ्याकडे वळले. "सर, ह्येच शिकवता व्हय?" मी हो म्हणालो. मी काय शिकवतो हे कॉलेजात मला कोणी विचारलेलं नाही.

झाल्या प्रकाराची क्षमा असावी. यापुढे कोणाला स्थळ सुचवणार नाही.

तुमचा,
रोहिदास

ता. क. सत्यजीत सोमवारपासून माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. ट्रॅक्टरचा पार्ट आणायला शिरूरला जातो असं तुम्हाला सांगत असेल. ट्रॅक्टर ठीक आहे.

आणखी एक. गौतमीने नकार दिलेला नाही. उत्तर सापडलं की या, असा तिचा निरोप आहे. ते मलाही माहीत नाही, हे मी त्याला पहिल्याच तासाला सांगितलं. त्याचा बारावीचा दाखला मामींच्या कपाटात, साड्यांखाली आहे म्हणतो. तो मामींना न विचारता शुक्रवारच्या आत पाठवावा.